एकटीची झील

१४ जून १९९७, शनिवार

सोडला बँड. एकदाचा!

पाच वर्षं 'ओव्हरलोड'ची मुख्य गायिका होते. बडोद्यात इंग्रजी रॉक गाणारी एकुलती एक मुलगी — म्हणजे स्पर्धा नव्हती, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवते. आज प्रॅक्टिसला रणवीरने गिटार पुसत पुसत जाहीर केलं, "यापुढे लीड मी गाईन. तू जरा मागे उभी राहून आ-आ कर ना. बॅलन्स चांगला येईल." बॅलन्स! ह्याच्या गळ्यातून सूर निघायचा तर दोन दिवस आधी अर्ज करावा लागतो. मी म्हटलं, मागे उभी राहायला मी काय तुझ्या लग्नातली करवली आहे? माईकची वायर काढली, गुंडाळली, पिशवीत टाकली. वायर माझीच होती.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं बाई. आता स्थळं बघायला हरकत नाही." बाबा म्हणाले, "मोहित्यांच्या घरात आजवर कुणी माघार घेतलेली नाही." बाबांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार आमच्या टीव्हीच्या वर टांगलेली आहे. गेल्या पंचवीस वर्षांत तिने फक्त माझ्या वाढदिवसाचे केक कापले आहेत.

१७ जून

सोलो अल्बम काढणार. ठरलं. नाव — 'एकटी'. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, बॅलन्स नाही.

२२ जून, रविवार

नाव ठरलं, कव्हरवर कुठला फोटो तेही ठरलं. आता फक्त गाणी राहिली.

ब्लूज करायचं आहे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीला रडायचं. पण रडायला दुःख हवं. माझं दुःख काय? सकाळी शाळेत संगीताच्या बाई म्हणून साठ पोरांकडून प्रार्थना म्हणवून घेते, हे? त्यावर एक गाणं होईल फार तर.

मग वाटलं, त्यात लोकसंगीत मिसळावं. कुठलं? गरबा आपला म्हणावा तर आई घरात मराठी बोलते. लावणी आपली म्हणावी तर ती मी टीव्हीवर पाहिली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आम्ही धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही. हे मात्र खरं दुःख आहे! नोंद करून ठेवते.

आणि दुपारी भांडी घासता घासता आठवलं — दादाच्या लग्नातला गोंधळ. मी अकरा वर्षांची. आमच्याकडे लग्न झालं की गोंधळी येतो, संबळ वाजवत सगळ्या देवांना गावोगावहून नावं घेऊन बोलावतो, बसवतो, कथा सांगतो आणि शेवटी आरती करून सगळ्यांना आपापल्या घरी परत पाठवतो. त्यातलं ते तुणतुणं! एकच तार, आणि ती ताणून ताणून रडका सूर काढायचे. पुढे कॉलेजात पहिल्यांदा ब्लूजची गिटार ऐकली तेव्हा मला वाटलं होतं, हे मी आधी कुठेतरी ऐकलंय. कुठे ते आज कळलं. आमच्याच अंगणात, बुंदीच्या ताटाशेजारी बसून.

आमच्या घरचे गोंधळी श्रीपतराव. अजून आहेत म्हणे. मांडवीत पिको-फॉलचं दुकान आहे.

२८ जून, शनिवार

गेले. मांडवीच्या गल्लीत एका जिन्याखाली दुकान — म्हणजे एक मशीन, एक बाकडं आणि दोरीवर लटकलेल्या साड्या. श्रीपतकाका साठीचे असतील. मला बघून उठायला लागले. "या ताईसाहेब. प्रतापरावांच्या तुम्ही ना? पिको की फॉल?"

मी म्हटलं, गोंधळ.

हसले. पाय मशीनच्या पायटीवरून काढला नाही. बोलता बोलता मशीन चालूच. आणि ती पायटीची लय — एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड — अस्सल ब्लूजची चाल! मी बाकड्यावर बोटं वाजवायला लागले. ते बघत होते.

मग म्हणाले, "गोंधळ बंद झाला ताईसाहेब. पिलाजी गेला तीन वर्षांमागे. माझा धाकटा भाऊ. झील तो धरायचा. एकट्याचा गोंधळ होत नाही."

झील म्हणजे काय, ते त्यांनी करूनच दाखवलं. पुढचा गातो. ओळ संपत आली, श्वास संपत आला, की मागचा तुणतुणं छेडत तोच शेवटचा सूर वर उचलतो आणि धरून ठेवतो. तोवर पुढच्याने श्वास घ्यायचा. मागचा नसेल तर ओळ खाली पडते.

"माझा मुलगा तर मोबाईल टॉवरच्या कंपनीत लागला. त्याला विचारलं तर म्हणतो, पप्पा, प्लीज." मग साडीचा काठ सरळ करत, अगदी सहज — "तुम्ही धरता का झील?"

वा! रणवीर जरा सभ्य होता, त्याने 'बॅलन्स' तरी म्हटलं होतं. सोलो अल्बम काढायला निघालेल्या बाईला पंधरा दिवसांत दोनदा मागे उभी राहण्याचं आमंत्रण. मी म्हटलं, काका, मी पुढे गाते. ते म्हणाले, "बरं." आणि मशीनकडे वळले.

५ जुलै

जागेपणी, झोपेत, शाळेत — तोच आवाज. त्यांनी झील करून दाखवली ती चार सेकंदंसुद्धा नसेल.

१२ जुलै, शनिवार

काढला मार्ग. आपण काय मागासलेले आहोत का? दोन ट्रॅक! काका आधी पुढचं गातील, मग कानाला हेडफोन लावून स्वतःचीच झील स्वतः धरतील. विज्ञान! माणूस लागतच नाही.

काकांना सांगायला गेले. त्यांना कळायला वेळ लागला. "म्हणजे मी माझ्याच मागे उभा राहणार?" मी म्हटलं, हो. मग म्हणाले, "पिलाजी गेल्यापासून गायलो नाही. येतो."

१९ जुलै, शनिवार

रेकॉर्डिंग झालं. नीट लिहून काढते.

स्टुडिओ म्हणजे अकोट्यात भावेशभाईंच्या बंगल्याचं गॅरेज. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत. भावेशभाई पक्के जैन. त्यांची आई ह्या कारणाने गॅरेजात पाऊल ठेवत नाही. इथे अगरबत्तीच्या आणि टाइल्सच्या जाहिराती रेकॉर्ड होतात.

काका धुतलेलं धोतर नेसून, संबळ घेऊन, रिक्षाने आले. बाहेरच चपला काढल्या. दिवटी पेटवायची म्हणाले. भावेशभाईंचा चेहरा पडला — "बेन, मशीन इम्पोर्टेड छे!" शेवटी मिक्सरशेजारी एक निरांजन, त्यावर तडजोड.

आणि गायले. पहिल्याच ओळीला भावेशभाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि मग ती शेवटपर्यंत उचलली नाही. तुळजापूर, माहूर, जेजुरी, कोल्हापूर — एकेका देवाला नाव घेऊन बोलावणं. बडोद्याचा गोंधळ, म्हणून पावागडच्या काळकेलाही. साठीतला माणूस! पिको-फॉल करणारा! मी काचेच्या अलीकडे उभी होते आणि पाच वर्षं मी जे काही ओरडत होते ते मला आठवत होतं.

प्रत्येक ओळीच्या शेवटी मात्र ते थांबून मान किंचित मागे वळवायचे. मागे अंड्यांचे ट्रे.

मग हेडफोन. झीलेचा ट्रॅक. पहिले तीन देव झाले, चौथ्याला काका थांबले. त्यांचा झीलेचा आवाज वरच्या पट्टीतला, वेगळाच, पातळ. मी माईकवरून विचारलं, काय झालं? म्हणाले, "हा पिलाजी आहे."

तरी सगळे देव पुरे केले. डोळे मिटून. मग दोन्ही हातांनी हेडफोन काढला, स्टुलावर अलगद ठेवला, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि गेले. आरती राहिली. देवांना परत पाठवणं राहिलं. संबळसुद्धा राहिला.

माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार — टेक खराब तर नाही झाला? हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढे कधी वाचलं तर लाज वाटावी म्हणून.

२० जुलै

टेक उत्तम आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

मिक्सिंग. आठ गाणी माझी, नववं गोंधळाचं. त्यात काकांच्या आवाजानंतर मी ब्लूजचं कडवं गाते. सुती धोतराच्या शेजारी नायलॉनचा पडदा वाळत घातल्यासारखं वाटतंय. भावेशभाई सभ्य माणूस. म्हणाले, "शलाकाबेन, तमारो व्हॉइस थोडो... आपण एको टाकू या." एको टाकला. आता दोन पडदे.

संबळ भावेशभाईंच्या माणसाबरोबर मांडवीला पाठवून दिला. मी गेले नाही. वेळ नव्हता. (वेळ होता.)

२७ ऑगस्ट

मुंबईच्या कॅसेट कंपनीचा फोन! बाबा, आई दोघं फोनभोवती उभे. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, नंबर नाइन सुपर्ब! वो जो दो अंकल हैं..."

दोन अंकल!

"...उनको साइड ए में फर्स्ट रखते हैं. आपका पोर्शन थोडा कम करें? और गाना अचानक खतम होता है. एंडिंग भेजिए, पंधरा डिसेंबरपर्यंत." मग आठवल्यासारखं — "बाकीची गाणीपण छान आहेत."

आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, आवडली. बाबांनी तलवारीकडे अभिमानाने पाहिलं. म्हणजे 'एकटी' नावाचा माझा अल्बम एका म्हाताऱ्यामुळे आणि त्याच्या वारलेल्या भावामुळे निघणार. छान. फारच छान!

६ सप्टेंबर, शनिवार

गेले शेवटी मांडवीला. माफी मागायला, आणि एंडिंग मागायला. कुठलं जास्त, ते विचारू नये.

काका रागावलेले नव्हतेच. तेच अवघड. म्हणाले, "चूक माझी ताईसाहेब. देवांना बोलावलं, बसवलं आणि मी उठून आलो. पाहुणे उभे आहेत अजून." मी म्हटलं, मग चला ना, आरती रेकॉर्ड करून टाकू, सगळे सुटतील. मान हलवली. "एकट्यानं नाही. आणि मशीनपुढं नाही. लग्नघर पाहिजे, दिवटी पाहिजे, झीलेला माणूस पाहिजे." मी विचारलं, आणि तो पिलाजींचा आवाज? पुसू? एकदम वर बघितलं. "तो नका पुसू."

झीलेला कोण, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पायटी तेवढी चालू होती.

घरी बोलण्याच्या ओघात आईला 'देव उभे आहेत' हे सांगून बसले. घोडचूक! तेव्हापासून घरात जे जे बिघडलं ते माझ्यावर. मिक्सर जळला — देव उभे आहेत. बाबांचा गुडघा — देव उभे आहेत. मला एकही स्थळ पसंत पडत नाही — आता बघा, कारण सापडलं!

१४ सप्टेंबर, रविवार

हसू की रडू.

रणवीरचं लग्न ठरलं. सात डिसेंबरला. त्याची आई स्वतः आमच्याकडे आली. घरचा गोंधळ श्रीपतरावांनीच करावा अशी तिची इच्छा. ती मांडवीला जाऊन आली, आणि काका तिला म्हणाले, "शलाकाताईसाहेब झीलेला उभ्या राहिल्या तर येतो."

म्हणजे आता रणवीरच्या लग्नात, रणवीरच्या घरच्यांपुढे, अख्ख्या 'ओव्हरलोड'पुढे, मी मागे उभी राहून आ-आ करायचं. त्या दिवशी करवली म्हणाले होते ना? तोंडाला आवर घालायला हवा मी.

बाबा उसळले. "मोहित्यांची मुलगी गोंधळ्याच्या मागे तुणतुणं घेऊन उभी राहणार? गोंधळी आपल्या दारात येतो, आपण त्याच्या मागे जात नाही!" आई म्हणाली, "देव उभे आहेत." बाबा म्हणाले, "उभे राहू देत!" आणि लगेच घाबरून देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

मी रणवीरच्या आईला सांगितलं, मावशी, मला जमणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं आणि माझं एकमत झालं.

३ ऑक्टोबर

नवरात्र. गोरव्याच्या पार्टी प्लॉटमध्ये गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गातेय. नऊ दिवस, रोज चार तास. ब्लूजवाली कलावंत चणिया-चोळी घालून 'हे...' म्हणून सुरुवात करते आणि तीन हजार माणसं गोल फिरतात. त्यांच्यातलं कुणीही एकदासुद्धा वर स्टेजकडे बघत नाही. सोलो म्हणतात ते हेच असावं.

९ ऑक्टोबर

आवाज गेला. पूर्ण. सातव्या दिवशीच. ऑर्केस्ट्रावाल्यांनी पाच मिनिटांत दुसरी मुलगी उभी केली. गोल एकदाही थांबला नाही म्हणे.

१२ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवस बोलता येत नाही. आई खूश आहे.

बोलता येत नाही म्हणून ऐकत बसले. भावेशभाईंकडून पहिल्या टेकची कॉपी आणली — नुसते काका, झीलेशिवाय. ओळ संपते. ते थांबतात. मान मागे वळवत असणार. आणि तिथे कुणी नाही. पुन्हा ओळ, पुन्हा तीच पोकळी. मी टेप मागे नेऊन नेऊन ती पोकळीच ऐकली. मला ती सहन होईना. त्यात सूर भरायला माझा गळा आपोआप हलायला लागला, आणि गळ्यात आवाज नव्हता.

रडले. ह्यात विनोद नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मांडवी. फाटक्या आवाजात म्हटलं, काका, शिकवा झील. रणवीरच्या लग्नात उभी राहते.

त्यांनी मशीन थांबवलं. पहिल्यांदाच थांबलेलं बघितलं मी.

"पंधरा दिवस गाऊ नका. नुसतं तुणतुणं धरा." पिलाजींचं तुणतुणं साड्यांच्या गठ्ठ्यामागे कापडात गुंडाळून ठेवलं होतं. तीन वर्षं.

२ नोव्हेंबर

नियम लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. झील मोठ्यानं नाही धरायची. पुढच्याच्या श्वासाच्या आत शिरायची. पुढच्याच्या पाठीकडे बघायचं, तोंडाकडे नाही — पाठ आधी सांगते. तो चुकला तर आपणही त्याच्याबरोबर चुकायचं. आणि सगळं पाठ पाहिजे, पुढच्याचंसुद्धा. मी विचारलं, पुढचं मला कशाला? म्हणाले, "म्हणजे तो कुठं जाणार ते कळतं."

अठ्ठावीस देव आहेत. पोरं मला शाळेत विचारतात, बाई, तुम्ही प्रार्थनेत मध्येच जेजुरी का म्हणता?

१३ नोव्हेंबर

तार तुटली तुणतुण्याची. घरी डोक्याला हात लावून बसले होते. बाबा तुटलेला तुकडा उचलून घेऊन गेले.

१४ नोव्हेंबर

आज बाबा गोरव्याहून, कंपनीतून आले. डब्याच्या पिशवीतून तारेचं भेंडोळं काढून माझ्यापुढे टाकलं. "स्प्रिंगची तार आहे. हिला काही होणार नाही." मी बघतच राहिले. तर म्हणाले, "हो म्हणून आलीस ना त्यांना? मग. मोहित्यांच्या घरात आजवर कुणी माघार घेतलेली नाही."

खुंटीला तार त्यांनीच बसवली. टीव्हीपुढे बसून, तलवारीच्या खाली. तलवार असून बाबा इतके उपयोगी कधी दिसले नव्हते.

१ डिसेंबर, सोमवार

काका खोकताहेत. लग्नाला सहा दिवस! आईने काढा दिला, मी ज्येष्ठमध नेऊन दिलं. "बघू ताईसाहेब. वय झालं," म्हणतात. इतके दिवस वय झालं नव्हतं, आत्ताच बरं झालं!

८ डिसेंबर, सोमवार, सकाळ

झाला गोंधळ.

पूर्वी रात्रभर चालायचा म्हणे. आता हॉलवाल्यांचे नियम — साडेपाच ते साडेसात, मग जेवण. दिवटी पेटवायला मॅनेजरची लेखी परवानगी. भावेशभाई टेपरेकॉर्डर घेऊन आले होते, शेवट घ्यायला. 'ओव्हरलोड' पूर्ण हजर, पहिल्या रांगेत, शेरवान्या घालून. मी नऊवारी नेसून, तुणतुणं घेऊन, एका शिंप्याच्या मागे. रणवीरने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. त्याला मनातल्या मनात मी जे म्हटलं ते लग्नघरी लिहू नये. आता घरी आले आहे, पण तरी नको.

काका सुरू झाले. घसा जरा खरखरत होता, पण होता. पहिली ओळ संपत आली, पाठ थोडी झुकली, आणि मी सूर उचलला. धरला. काकांची मान मागे वळायला लागली होती, ती अर्ध्यात थांबली आणि पुन्हा पुढे गेली. तेवढंच. पण पाच वर्षांत कुठल्याही टाळ्यांनी मला असं काही झालं नव्हतं.

सगळे देव आले, बसले, कथा झाली. अंबाबाई, खंडोबा, पावागडची काळका — अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. आता आरती आणि निरोप. सगळं त्यासाठीच तर होतं! पहिल्या देवाला निरोप देतानाच काकांना ठसका लागला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा आवाज फुटला. आईने पदर तोंडाला लावलेला. मी झील धरून उभी, आणि पुढे ओळच नाही!

काका वळले. गळ्यावर हात ठेवून पुटपुटले, "गेला घसा. पुढं व्हा ताईसाहेब. देव उभे आहेत." माझ्या हातातून तुणतुणं काढून घेतलं, संबळ माझ्या गळ्यात घातला आणि एक पाऊल मागे सरकले.

विचार करायला वेळच नव्हता. मी गायले. एको नाही, माईक नाही. संबळ कसाबसा बडवत होते, त्याबद्दल बोलायलाच नको. पण ओळ आली, सगळी आली, पाठच होती. आणि माझा श्वास संपत आला तेव्हा मागून झील आली. बारीक, वरच्या पट्टीतली, नेमकी माझ्या श्वासाच्या आत. पिलाजींची झील. मला मागे वळून बघायची गरज वाटली नाही.

घसा गेलेल्या माणसाला ती पट्टी कशी लागली, कोण जाणे. आई म्हणते, देवीची कृपा.

सगळ्यांना पाठवलं. एकेकाला, नाव घेऊन. शेवटी पावागडला. आरती झाली तसे बाबा सगळ्यांत आधी पुढे आले आणि दिवटीला हात जोडले — मग काकांना. नंतर रणवीर आला. "यार शलाका, तू तो लीडच आहेस." हो का? बातमी उशिरा पोचली.

जेवणाच्या पंगतीत काका कुजबुजत बोलत होते. रणवीरच्या आईने त्यांना हळद घातलेलं दूध पाठवलं. निमूट प्यायले.

१३ डिसेंबर, शनिवार

मुंबईला मास्टर टेप पाठवली. नववं गाणं आता पुरं आहे — बोलावणं काकांचं, निरोप माझा. माझं ब्लूजचं कडवं मीच काढून टाकलं. पडदे गेले. कव्हरवर नावं लिहून दिली: गायन — श्रीपतराव, शलाका. झील — पिलाजीराव, श्रीपतराव, शलाका. कंपनीवाल्याने फोनवर विचारलं, "मॅडम, फिर अल्बम का नाम 'एकटी' कैसे?" बरोबर आहे त्याचं. नाव बदलायला सांगितलंय. नवं नाव अजून सुचलेलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

काकांसाठी थर्मासमध्ये काढा घेऊन मांडवीला गेले. बिचाऱ्यांचा घसा गेल्याचं मन खात होतं. जिन्याच्या अलीकडेच थांबले. आतून मशीन चालल्याचा आवाज, आणि त्यावर काकांचा. खणखणीत! खरखर नाही, ठसका नाही. जुलैत अकोट्यात होता त्याहून मोकळा. तुळजापूर, माहूर, जेजुरी.

आठ दिवस खोकले ते. माझं ज्येष्ठमध घेतलं, आईचा काढा घेतला, हळदीचं दूधसुद्धा प्यायले!

आत जाऊन चांगली खरडपट्टी काढणार होते. तेवढ्यात ओळ संपत आली, आणि ते थांबले. मी बाहेरच उभी राहून सूर उचलला.

मशीन चालूच राहिलं.